गेटवरची दोन मिनिटं

पत्र: माझी मुलगी ३ वर्षं १० महिन्यांची आहे. जूनच्या मध्यापासून छोट्या गटात जाते. शाळा मराठी माध्यमाची, घरी आम्ही तेलुगू बोलतो. तिसरा आठवडा संपत आला तरी रोज गेटवर माझे पाय घट्ट धरून रडते. बाई तिला काहीतरी दाखवतात आणि तेवढ्यात मी नजर चुकवून निघून येते. वर्गात ती एक शब्द बोलत नाही. डबा जसाच्या तसा परत येतो. शाळेत शूला जातच नाही, दोनदा परतताना रिक्षातच झाली. आता रात्री अंथरूणही ओलं व्हायला लागलंय. सासूबाई म्हणतात, लेकराचे हाल कशाला, पुढच्या वर्षी घाला. मिस्टर म्हणतात, इंग्रजी शाळेत घालायला हवं होतं. माझं काय चुकतंय?
– एक आई, अशोक चौक, सोलापूर

ताई, नमस्कार.

चुकतंय ते एकच, आणि तेही बाईंच्या मदतीने, चांगल्या हेतूने होतंय: नजर चुकवून निघून येणं. बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यामागून आल्या आहेत. म्हणून सुरुवात गेटपासून करू.

तिच्या उंचीवरून बघा. बाईंनी भिंतीवरचा मोर दाखवला, तिने मान वळवली, परत वळून बघते तर अम्मा नाही. हे दोन-तीनदा झालं की मूल त्यातून एक पक्की गोष्ट शिकतं: शाळेत मान वळवली की आई नाहीशी होते. मग ती मान वळवायचीच बंद करते. मोर बघत नाही, बाईंकडे बघत नाही, तुमचे पाय धरून पहारा करत राहते. हल्ली घरीसुद्धा तुम्ही मोरीत गेलात की दाराशी येऊन बसत असेल, तर तो त्याच पहाऱ्याचा भाग आहे. रडणं नको म्हणून तुम्ही लपून जाता, आणि लपून जाण्यानेच दुसऱ्या दिवशीचं रडणं वाढतं.

आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. तेलुगूतही 'वेळ्ळोस्ता', म्हणजे जाऊन येते. हाच शब्द गेटवर वापरायचा, तिच्या डोळ्यांत बघून, रोज अगदी तसाच.

पण त्याची तयारी रस्त्यातच करायची. 'साडेबाराला येते' याचा चार वर्षांच्या मुलीला काही अर्थ लागत नाही, आणि 'लवकर येते' तर त्याहून वाईट, कारण तिचं लवकर पाच मिनिटांत संपतं. तिला वेळ कळत नाही, क्रम कळतो. बाईंकडून वर्गाचा रोजचा क्रम विचारून घ्या आणि तिच्या बोटांवर मोजून दाखवा. करंगळी म्हणजे प्रार्थना, तिच्याशेजारचं बोट खेळ, मधलं बोट डबा, मग गाणी, आणि अंगठा म्हणजे अम्मा. प्रत्येक बोट जरा दाबून सांगा. वर्गात ती एकटीच बोटं दाबत बसलेली बाईंना दिसली तर बसू द्या म्हणावं, ती वेळ मोजतेय.

गेटवर मात्र बोलणं कमी. उकिडवं बसा, म्हणजे तिचा चेहरा तुमच्यासमोर येईल. एक पापा, एक वाक्य: 'गाणी झाली की अम्मा येते.' मग तुम्ही स्वतः तिचा हात बाईंच्या हातात द्या. बाईंनी तिला तुमच्यापासून ओढून घेऊ नये. ओढून नेणारी बाई आणि आईने जिच्या हाती सोपवलं ती बाई, या मुलीच्या दृष्टीने दोन वेगळ्या बायका असतात. हात दिला की उठा आणि सरळ चालू लागा. सगळं मिळून दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. खिडकीतून डोकावू नका, झाडामागे थांबू नका.

आणि आता सगळ्यात अवघड भाग. ती किंचाळली तरी परत फिरायचं नाही. दहा वेळा किंचाळल्यावर एकदा जरी तुम्ही परत आलात, तरी 'पुरेसं रडलं की आई येते' हा हिशोब तिच्या मनात पक्का होतो, आणि उद्या ती अकरा वेळा रडते. यात तिचा हट्टीपणा नाही, हे साधं शिकणं आहे. पहिले दोन-तीन दिवस रडणं आधीपेक्षा वाढेलसुद्धा. जुना उपाय चालेनासा झाला की मूल तोच आणखी जोरात करून बघतं. त्या दिवसांत माघार घेऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

जसं 'येते' म्हणालात तसं यायचंही. पहिले दोन आठवडे शाळा सुटायच्या पाच मिनिटं आधी गेटवर उभ्या राहा. बाकीची मुलं गेली आणि आपण एकटेच उरलो, असं एकदा झालं तरी आठवडाभराची कमाई जाते. यासाठी परतीची रिक्षाही दोन आठवडे बंद ठेवता आली तर ठेवा. नंतर सुरू करताना रिक्षावाल्या काकांशी तिच्यासमोर दोन वाक्यं बोला, तिला नेण्याची परवानगी कोणाकोणाला आहे ते शाळेत लिहून द्या, आणि नाव-फोनची चिठ्ठी दप्तराच्या आत ठेवा. बाहेर सगळ्यांना वाचता येईल अशी नको.

बाईंशी बोलायचं ते सकाळी नाही. सकाळी त्यांच्या भोवती वीस रडणारी मुलं असतात. शाळा सुटल्यावर पाच मिनिटं मागा आणि तीन गोष्टी ठरवा. रोज एकाच व्यक्तीने तिला घ्यावं, मग त्या बाई असोत की मावशी. आत गेल्या गेल्या तिच्या हाताला काम द्यावं: खडूचा डबा टेबलावर नेऊन ठेव, चटया मोज. आणि मी गेल्यावर ही किती मिनिटं रडली, ते अंदाजे सांगावं. 'खूप रडली' किंवा 'थोडी रडली' याचा उपयोग होत नाही, आकडा हवा. तो आकडा घरी भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकटीत लिहा, आपण दुधाचा खाडा मांडतो तसा. गेटवर प्राण जाईल असं रडणारी बरीच मुलं आई दिसेनाशी झाल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत शांत होतात. तुम्ही रोज बघता ती सगळ्यात वाईट दोन मिनिटं, आणि तेवढंच चित्र डोळ्यांत घेऊन दिवसभर घरी काम करता. आकडे बघितले की उतार दिसतो. तो सरळ नसतो: सोमवारी चढतो, आषाढी एकादशीच्या सुट्टीनंतर चढतो, गणपतीनंतर पुन्हा, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तर जूनची आठवण यावी इतका. चढला म्हणून घाबरू नका. सुट्टीनंतरची चढण दोन-तीन दिवसांत उतरते. मात्र 'आज एक दिवस राहू दे घरी' हे ताप-उलटी असेल तरच. एका दिवसाच्या दांडीने पुढचे तीन दिवस महाग पडतात.

ती मोठ्यांपैकी सगळ्यात जास्त तुम्हालाच बिलगते, म्हणून आठवडाभर मिस्टरांनी सोडून बघायलाही हरकत नाही. कामाची पाळी जुळत असेल तर जरूर करा. पुष्कळ मुलं बाबांना सोडताना कमी रडतात. बाबांवर माया कमी असते असं नाही. बाबा रोज कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात, हे त्यांनी जन्मापासून बघितलेलं असतं.

खिशात ठेवायला घरचं काहीतरी द्या. खेळणं नको, त्यावरून भांडणं होतात. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा हातरुमालाएवढा चौकोन कापा, कडा दुमडून शिवा. घरच्या साबणाचा, घरच्या माणसाचा वास त्याला असतो आणि तोच कामाचा. म्हणून दोन तुकडे करा आणि आलटून पालटून द्या, रोज धुऊ नका. ती रात्री नानम्माजवळ, म्हणजे आजीजवळ, झोपत असेल तर साडी नानम्माची घ्या.

गणवेशाकडेही एकदा बघा. गणवेश शिवण्यासाठी आपलं शहर नावाजलेलं आहे, तेव्हा हे घरी किंवा गल्लीतल्या शिलाईवाल्याकडे अर्ध्या तासात होईल. नवा कपडा कडक असतो, मानेमागचं लेबल टोचतं, आणि मिश्र धाग्याचा असेल तर जुलैच्या दमटपणात अंगाला चिकटतो. लेबल उसवून काढा, दोनदा धुऊनच घाला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चड्डी-स्कर्टला हूक किंवा नाडी असेल तर काढून इलॅस्टिक घाला. याचा शूशी थेट संबंध आहे.

आता तोच प्रश्न. शूला न जाण्याची कारणं बहुधा साधी असतात आणि प्रत्येक शाळेत वेगळी. कपडा स्वतःला काढता येत नाही. दार मोठं आहे, आत अंधार आहे, कडी लागली तर निघणार नाही अशी भीती वाटते. भांडं मोठं आहे, पाय पुरत नाहीत. किंवा, आणि तुमच्या बाबतीत हे आधी तपासा, तिला सांगताच येत नाही. घरी ती 'उच्च' म्हणत असेल. मराठी बाईंच्या कानाला 'उच्च' म्हणजे उंच. सोलापुरातल्या पुष्कळ शिक्षिकांना तेलुगू कळतं, पण सगळ्यांना नाही. पोरीने एकदा हिंमत करून 'उच्च' म्हटलं असेल, बाईंनी 'हो, छान' म्हणून पुढच्या मुलाकडे बघितलं असेल, तर ती दुसऱ्यांदा तोंड उघडणार नाही.

उद्याच शाळा सुटल्यावर तिला घेऊन ते स्वच्छतागृह बघून या. तुम्ही दाराशी उभ्या राहा, तिला आत बसू द्या, नळ सोडून बघू द्या, कडी न लावता दार लोटून घ्यायला शिकवा. बाईंना सांगा की 'जायचंय का' असं विचारू नका, कारण लाजरं मूल 'नाही' म्हणून मान हलवतं. ठरलेल्या वेळी सगळ्यांबरोबर न्या: आल्यावर, डब्याआधी, सुटायच्या आधी. घरून निघतानाही एकदा बसवा. या वयाची मुलं साधारण दोन-तीन तासांनी जातात, तेव्हा एवढं पुरतं.

एक चूक मात्र आवर्जून टाळा: शाळेत होऊ नये म्हणून पाणी कमी देणं. कमी पाण्याने लघवी दाट होते, जळजळते, आणि शौच कडक होतं. कडक शौच आतड्यात साठलं की मूत्राशयावर दाब येतो. मग दिवसा अचानक सुटते आणि रात्री अंथरूण ओलं होतं. म्हणजे रात्रीच्या ओल्या अंथरुणाचं मूळ कधीकधी सकाळच्या न झालेल्या शौचात सापडतं. तिला दोन दिवसाआड, खड्यासारखी होत असेल, तर आधी ते सुधारा: पाणी, पपई किंवा पेरू, भिजवलेल्या मनुका, पालेभाजी-वरण, आणि नाश्त्यानंतर पाय टेकवून दहा मिनिटं निवांत बसणं. यासाठी सकाळ वीस मिनिटं लवकर सुरू करावी लागेल.

बाटली ४०० मिलीच्या आसपासची, रुंद तोंडाची घ्या. स्ट्रॉच्या बाटलीत नळीच्या आत बुळबुळीत थर जमतो आणि ब्रश तिथे पोचत नाही. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, साठवून वापरावं लागतं, म्हणून तिच्या बाटलीचं पाणी उकळून गार केलेलंच असू द्या. घरी ती बाटली तिला स्वतःला उघडता-लावता येते का, तेही बघा.

ओल्या अंथरुणावरून रागावू नका, चारचौघांत त्याचा उल्लेखही नको. आधी कोरडी राहणारी मुलं मोठ्या बदलाच्या वेळी काही आठवडे पुन्हा ओलं करतात. गादीवर मेणकापड घाला, रात्री झोपताना एकदा नेऊन आणा, झोपेतून उठवून फरफटत नेऊ नका. पण लघवी करताना जळजळ, ताप, पोटात दुखणं, थेंबथेंब सारखं जाणं किंवा उग्र वास असेल, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन लघवीची तपासणी करून घ्या. लघवी दाबून ठेवणाऱ्या मुलींना जंतुसंसर्ग लवकर होतो.

आता अबोला. घरी दिवसभर तेलुगूत बडबडणारी मुलगी मराठी वर्गात गप्प आहे. नवी भाषा कानावर पडू लागली की अनेक मुलं काही आठवडे, काही तर कित्येक महिने, फक्त ऐकतात. त्या काळात आत काम चालू असतं. बाईंना 'बोलते का?' असं विचारू नका, हे विचारा: सांगितलेलं समजतं का, गाण्याच्या हातवाऱ्यांत हात हलवते का, बोट दाखवून मागते का, शेजारच्या मुलीच्या खेळाकडे बघते का. यातल्या दोन गोष्टीही होत असतील तर शब्द वाटेत आहेत.

यावर 'मग आजपासून घरी मराठीच बोलू' असा उपाय कोणीतरी सुचवेलच. करू नका. नानम्माची गोष्ट, रागावणं, लाड, सगळं तेलुगूत होतंय ते होऊ द्या. घरच्या भाषेत शब्द आणि वाक्यं भरपूर असली की दुसरी भाषा त्यावर चढते. आणि आपल्याकडे तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी एकाच गल्लीत बोलणारी माणसं रोज दिसतात, तेव्हा हे होईल की नाही याची चिंता सोलापूरकरांनी तरी करू नये. करायचं ते एवढंच: अडल्या वेळचे दहा मराठी शब्द खेळता खेळता पक्के करून घ्या. पाणी, शू, डबा, दुखतंय, नको, पाहिजे, माझं, उघडून द्या, बाई, घरी. बाहुल्यांची शाळा मांडा. एक दिवस तुम्ही बाई व्हा, एक दिवस ती. आणि बाईंसाठी एका कागदावर देवनागरीत तिचे शब्द लिहून द्या: नीळ्ळू म्हणजे पाणी, उच्च म्हणजे शू, नोप्पी म्हणजे दुखणं, अम्मा म्हणजे आई. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा म्हणावं. बाईंच्या तोंडून एकदा 'नीळ्ळू?' असं ऐकलं की तिला वर्गात घरचं माणूस सापडल्यासारखं होईल.

तिच्यासमोर 'आमची बोलतच नाही हो' हे वाक्य पाहुण्यांना सांगणं आजपासून बंद. मुलं आपल्याबद्दलचं ऐकलेलं खरं करून दाखवतात.

दिवाळीपर्यंत शाळेत कोणाशीच, मुलांशीसुद्धा, एक शब्द निघाला नाही आणि घरी मात्र छान बोलते, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. याला निवडक मुकेपणा म्हणतात, त्यामागे भीती असते, आणि लवकर हात घातला तर तो बरा होतो. आणि घरी तेलुगूतसुद्धा चार-पाच शब्दांचं वाक्य करत नसेल, परक्या माणसाला तिचं बोलणं समजत नसेल, टीव्ही मोठा लावत असेल किंवा सर्दीनंतर कान दुखत असतील, तर दिवाळीची वाट बघू नका, कानाची तपासणी आत्ताच करून घ्या. ती सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात होते.

डब्याचं फार मनावर घेऊ नका. तीन-चार तासांच्या शाळेत डबा न खाल्ल्याने मूल खंगत नाही, फक्त घरून पोटभर खाऊन निघायला हवं. तरी दोन गोष्टी बघा. एक, डबा उघडता येतो का. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण मोठ्यांचीही परीक्षा घेतं. घरी जमिनीवर बसवून, मदत न करता, तिला तीनदा उघडायला लावा. नाही जमलं तर सैल क्लिपचा डबा घ्या. दोन, किती आणि काय देता. भरगच्च डबा बघूनच मूल थकतं. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची. अर्धी पोळी तूप लावून, त्यात बारीक कुटलेली शेंगा चटणी पसरून गुंडाळा आणि बोटभर लांबीचे तीन-चार तुकडे करा. कडक भाकरी घरी ताटात ठीक, शाळेत चावून होत नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, या वयात ते श्वासनलिकेत अडकू शकतात. शाळेत कोणा मुलाला दाण्याची ॲलर्जी आहे का, तेही विचारून घ्या. आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न 'डबा का नाही संपवला?' हा नको.

खरं म्हणजे पहिला अर्धा तास कुठलाच प्रश्न नको. सकाळभर ती अनोळखी आवाजात, अनोळखी भाषेत स्वतःला सावरून बसलेली असते. घरी आल्यावर क्षुल्लक कारणावरून आदळआपट करते, ती घर सुरक्षित वाटतं म्हणून. हातपाय धुवा, खाऊ घाला, मांडीवर घ्या. नंतर विचारायचं तर 'काय शिकवलं?' असं नको, 'आज तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?' असं विचारा.

झोपेचं सांगितलं नाही तर वरचं सगळं वाया जाईल. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. शाळा ९ला भरते असं धरलं (पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग ९ किंवा त्यानंतर भरवावेत असं राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितलेलं आहे) तर ७ला उठणं, म्हणजे रात्री ९ला दिवा बंद. दुपारची झोप एक-दीड तास, ४च्या आत संपणारी. रात्रीच्या मालिका चालू असलेल्या खोलीतच ती झोपत असेल तर ९चे साडेदहा होतात आणि सकाळी गेटवर जे रडतं ते अर्धं झोपेतलं मूल असतं. झोपण्याआधी तासभर मोबाइलही नको.

सासूबाईंच्या बोलण्यामागे माया आहे, तेव्हा त्यांना उत्तर हिशोबाने द्या. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण लागतात. तुमच्या मुलीला येत्या ३१ डिसेंबरला चार वर्षं चार महिने होतील. छोटा गट, पुढच्या वर्षी मोठा गट, मग पहिली, अगदी वयात बसतंय. आत्ता रडण्यामुळे काढून घेतली तर पुढच्या जूनमध्ये हेच गेट, हेच रडणं, वर 'रडलं की शाळा सुटते' हा अनुभव जमेला. त्यांच्याकडून एकच मदत मागा: सकाळी निघताना पदराने डोळे पुसू नयेत, आणि 'शाळेत बाई मारतील हं', 'ऐकलं नाहीस तर शाळेतच ठेवीन' असं गमतीतही घरात कोणी म्हणू नये. हे वाक्य शेजारीपाजारीही सहज म्हणतात. त्यांनाही थांबवा.

मिस्टरांना सांगा, इंग्रजी माध्यमात ती आज जास्तच गप्प असती. तेलुगू घर, मराठी गल्ली आणि इंग्रजी वर्ग, अशी तिसरी भाषा तिला आणखी परकी. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा परिसराच्या भाषेतून शिकवा असं म्हणतं. दोन महिने तरी हा विषय तिच्यासमोर काढू नये. आणि त्याच वर्षीच्या दप्तर धोरणात बालवाडीच्या मुलांना दप्तरच नको असं आहे, तेव्हा डबा आणि बाटली मावेल एवढी पिशवी पुरे.

पहिल्या पावसाळ्यात सर्दी-खोकला वरचेवर होईल. या वयात वर्षाला सहा-आठ वेळा होणं नेहमीचं आहे, आणि पहिल्या शाळेच्या वर्षी थोडं जास्तही. ताप असेल तर औषधाशिवाय चोवीस तास ताप नसल्याशिवाय पाठवू नका. दीड-दोन वर्षांच्या वयातले लसींचे डोस कार्डावर पूर्ण आहेत ना, ते बघा. पुढचा डीपीटीचा बूस्टर पाचव्या वर्षानंतर आहे.

वर सांगितलेलं सलग चार आठवडे, दांड्या न मारता केलंत आणि तरी कालनिर्णयावरचा आकडा उतरत नसेल, ती गेटवरच नाही तर दिवसभर रडत असेल, वजन घटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. आणि हे वेगळं लक्षात ठेवा: रुळलेली मुलगी एकाएकी घाबरायला लागली, एकाच माणसाला किंवा एकाच जागेला भ्यायली, अंगावर खुणा दिसल्या, गुप्तांगाला दुखतं म्हणाली, तर ते शाळेच्या रुळण्यातलं रडणं नव्हे. तिच्यावर विश्वास ठेवा, उलटतपासणी करू नका, मुख्याध्यापिकांना त्याच दिवशी भेटा, डॉक्टरांना दाखवा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन चोवीस तास चालू असतो.

उद्या सकाळी लगेच सगळं बदलू नका. आज साडीचा तुकडा शिवा, इलॅस्टिक घाला, रात्री बोटांचा खेळ शिकवा. उद्या शाळा सुटल्यावर बाईंशी बोला आणि स्वच्छतागृह दाखवून आणा. परवापासून गेटवर 'येते' म्हणायला लागा. तुम्हालाही रडू येईल, ते येऊ द्या, फक्त वळण ओलांडून गेल्यावर. पहिले काही दिवस मैत्रिणीला किंवा बहिणीला त्या वळणावर उभं राहायला सांगा, चहाला घेऊन जाईल.